समुद्राची वेस ओलांडणारे विषाणू

डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासात लहान बेटांना जे महत्त्व आले आहे ते त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठे आहे, आणि त्याचे कारण बेटांच्या ठेवणीतच आहे. मुख्य भूमीवरच्या शहरात साथ कधी सुरू झाली, किती जणांना लागण झाली आणि ती नेमकी कशामुळे ओसरली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अंदाजानेच द्यावी लागतात. कारण तिथे माणसांची ये-जा अखंड चालू असते, विषाणू एका वस्तीत मंदावत असतानाच दुसऱ्या वस्तीत फोफावत असतो आणि एक साथ संपण्याआधी दुसरी तिच्यात मिसळून जाते. बेटावर मात्र येणारी विमाने आणि बंदराला लागणारी जहाजे मोजता येतात, रहिवाशांची संख्या ठाऊक असते आणि साथीला स्पष्ट आरंभ व स्पष्ट अंत असतो. चिकुनगुन्या आणि झिका यांच्याविषयी आज जे ठामपणे सांगता येते त्यातले बरेचसे याप, रीयुनियन आणि ताहिती अशा बेटांवरच प्रथम लक्षात आले, आणि तिथल्या रहिवाशांनी स्वतः आजार भोगल्यामुळेच ते ज्ञान जगाच्या हाती लागले.

या विषाणूंचा वाहक असलेल्या एडिस जातीच्या डासाची जीवनरीत समजून घेतल्याशिवाय बेटांवरचा प्रसार उलगडत नाही. हा डास दिवसा चावतो, माणसाच्या वस्तीला धरून राहतो आणि स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. फक्त मादीच रक्त शोषते, कारण अंडी पक्व होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात, आणि ती अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. ही अंडी कोरड्या अवस्थेत महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. बाधित माणसाचे रक्त पोटात गेले की विषाणू आधी मादीच्या आतड्याच्या पेशींत वाढतो, मग शरीरभर पसरतो आणि शेवटी लाळग्रंथीत पोहोचतो. या प्रवासाला डेंग्यूच्या बाबतीत साधारणपणे ८ ते १२ दिवस लागतात आणि तोपर्यंत ती मादी कोणालाही रोग देऊ शकत नाही. एडिस सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे उडत नाही, त्यामुळे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर विषाणू नेण्याचे काम त्याच्या पंखांना जमत नाही. ते काम माणूस करतो, कारण विषाणू रक्तात असलेला प्रवासी, मग त्याला ताप असो वा नसो, काही तासांत हजारो किलोमीटर ओलांडून येतो. आणि डास स्वतः दूर पोहोचतो तो बहुधा जहाजातल्या जुन्या टायरांना किंवा भांड्यांना चिकटलेल्या अंड्यांच्या रूपाने.

प्रशांत महासागराच्या पश्चिम भागात, मायक्रोनेशियाच्या संघराज्यात असलेले याप हे या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण आहे. २००० सालच्या जनगणनेनुसार तिथे ७,३९१ माणसे राहत होती. २००७ च्या एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या डॉक्टरांकडे अंगावर पुरळ, डोळे लाल होणे, सांधेदुखी आणि सौम्य ताप अशी लक्षणे घेऊन रुग्ण येऊ लागले. यापवर १९९५ आणि २००४ मध्ये डेंग्यूच्या साथी येऊन गेल्या होत्या, आणि काही रुग्णांच्या तातडीच्या चाचण्याही डेंग्यूकडेच बोट दाखवत होत्या. तरीही हा आजार डेंग्यूसारखा दिसत नाही असे डॉक्टरांचे मत पडल्याने रक्ताचे नमुने अमेरिकेतील प्रयोगशाळेत पाठवण्यात आले आणि त्यांतून झिका विषाणूचा जनुकीय अंश हाती लागला. या विषाणूची ओळख १९४७ मध्ये युगांडातील झिका जंगलात एका माकडाच्या रक्तातून पटली होती, परंतु पुढच्या ६० वर्षांत संपूर्ण जगात माणसांमधील त्याची जेमतेम १४ प्रकरणे नोंदवली गेली होती. डेंग्यू आणि झिका एकाच कुळातले विषाणू असल्यामुळे एकाविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढण्यासाठी रक्तात तयार होणारी प्रथिने, दुसऱ्याच्या चाचणीतही प्रतिसाद देतात, आणि म्हणूनच साध्या चाचणीने इथे दिशाभूल झाली. यापच्या डॉक्टरांनी यंत्रापेक्षा रुग्णाच्या लक्षणांवर अधिक विश्वास ठेवला, ही बाब या साथीच्या इतिहासात जितक्या ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही.

त्यानंतर जे घडले ते केवळ लहान बेटावरच शक्य होते. तपासणी पथकाने रुग्णालयात येणाऱ्यांची मोजणी करून समाधान मानले नाही, तर बेटावरील घरांमधून २०० घरे कोणताही पूर्वग्रह न ठेवता निवडली आणि तिथल्या रहिवाशांचे रक्त तपासले. रुग्णालयाच्या नोंदींवरून खात्रीचे रुग्ण ४९ आणि संभाव्य रुग्ण ५९ इतकेच दिसत होते. घरोघरच्या तपासणीतून मात्र तीन वर्षांवरील रहिवाशांपैकी ७३ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ५,००० माणसांना, अवघ्या काही महिन्यांत लागण होऊन गेल्याचा निष्कर्ष निघाला. लागण झालेल्यांपैकी पाचांत एकालाही लक्षणे जाणवली नव्हती असे दिसले, म्हणजे विषाणू गावभर फिरत असताना बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. विमानतळावर प्रवाशांचा ताप मोजून अशा विषाणूला अडवण्याचा प्रयत्न किती अपुरा ठरतो, हे याच आकड्यातून कळते. यापवरचा मुख्य संशयित डास एडिस हेन्सिली हा तिथला स्थानिक डास होता. म्हणजे आफ्रिकेतून निघालेल्या विषाणूला नव्या मुक्कामी जुन्याच जातीचा वाहक मिळावा लागतो असे नाही, त्याचा एखादा दूरचा भाऊबंदही पुरतो.

इतक्या वेगाने पसरलेली साथ आपोआप का थांबते, याचे उत्तर प्रतिकारक्षमतेच्या गणितात आहे. प्रत्येक बाधित माणूस डासांच्या मार्फत सरासरी किती जणांना रोग देतो, हा आकडा साथीच्या आरंभी एकाहून बराच मोठा असतो, पण जसजशी बरी झालेली आणि म्हणून सुरक्षित झालेली माणसे वाढतात तसतसे डासाचे अधिकाधिक चावे वाया जातात, आणि सरासरी एकाखाली आली की साखळी तुटते. म्हणूनच साथ शेवटच्या माणसापर्यंत पोहोचण्याआधीच विझते. मोठ्या शहरात जन्माला येणारी मुले आणि बाहेरून येणारी माणसे विषाणूला सतत नवे आश्रय पुरवतात, म्हणून तो वर्षभर कुठे ना कुठे टिकून राहतो. सात हजारांच्या बेटावर तितके जन्मच होत नाहीत आणि विषाणू नामशेष होतो. एखादा रोग खंड न पडता टिकून राहण्यासाठी जी किमान लोकसंख्या लागते तिला संशोधक त्या रोगाची निर्णायक लोकसंख्या म्हणतात. गोवराच्या बाबतीत ती अडीच ते पाच लाखांच्या दरम्यान असल्याचे विसाव्या शतकाच्या मध्याला दिसून आले, आणि तो निष्कर्ष काढण्यासाठीही बेटांच्याच नोंदी कामी आल्या. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८४६ मध्ये, उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर गोवराची साथ आली तेव्हा ७,८०० रहिवाशांपैकी सुमारे ६,००० आजारी पडले, परंतु १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेले वृद्ध सुरक्षित राहिले, असे पीटर पॅनम या डॅनिश डॉक्टरांनी नोंदवून ठेवले. गोवराला डास लागत नाही. पण बेटाची सामूहिक प्रतिकारक्षमता एका पिढीच्या शरीरात जपली जाते आणि त्या पिढीबरोबरच संपते, हा नियम दोन्हीकडे लागू पडतो.

डेंग्यूच्या बाबतीत हा नियम वेगळे वळण घेतो, कारण डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि एका प्रकाराची लागण त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण देते, इतर तिघांपासून मात्र काही महिनेच. फ्रेंच पॉलिनेशियात, म्हणजे ताहिती आणि तिच्याभोवतीच्या शंभराहून अधिक बेटांच्या समूहात, १९८९ मध्ये तिसऱ्या, १९९६ मध्ये दुसऱ्या, २००१ मध्ये पहिल्या आणि २००९ मध्ये चौथ्या प्रकाराची मोठी साथ आली. प्रत्येक वेळी नव्याने आलेल्या प्रकाराने आधीच्या प्रकाराला बाजूला सारले. पूर्वी एका प्रकाराची लागण झालेल्या माणसाला दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर रक्तस्राव आणि रक्तदाब कोसळणे अशा गंभीर अवस्थेचा धोका वाढतो, कारण जुनी प्रतिपिंडे नव्या प्रकाराला निष्प्रभ करू शकत नाहीत, उलट पेशींत शिरायला त्याला मदत करतात. त्यामुळे बेटावर साथ ओसरली याचा अर्थ बेट पूर्ववत झाले असा होत नाही. आधीच्या साथीतून गेलेले लोक पुढच्या साथीला अधिक धोकादायक अवस्थेत सामोरे जातात.

हिंदी महासागरातील चिकुनगुन्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि भारताशी तिचा थेट संबंध असल्यामुळे ती तपशिलाने पाहण्याजोगी आहे. २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यालगतच्या लामू बेटावर साथ आली आणि सुमारे १८,००० वस्तीपैकी तीन चतुर्थांश लोकांना लागण झाली. ही साथ पावसामुळे आली नाही. त्या काळात तिथे दुष्काळ होता, लोक घरात पाणी साठवून ठेवत होते, साठवलेले पाणी पुरवून वापरावे लागत असल्याने भांडी धुऊन कोरडी करणे परवडत नव्हते, आणि त्याच भांड्यांत डास वाढले. डासांचे रोग म्हणजे पावसाळ्याचे रोग हा समज किती अर्धवट आहे, हे लामूने दाखवून दिले. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या महाराष्ट्रातील तालुक्यांना हे नव्याने सांगावे लागणार नाही, कारण आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळून रांजण, पिंपे आणि हौद रिकामे करा असे आरोग्य कर्मचारी सांगतात तेव्हा उरलेले पाणी ओतून द्यायचे कुठल्या हिंमतीने, हा प्रश्न तिथल्या बायकांपुढेही असतोच.

लामूहून विषाणू कोमोरोस बेटांवर आला आणि २००५ च्या मार्चमध्ये रीयुनियनला पोहोचला. फ्रान्सच्या ताब्यातील या डोंगराळ बेटावर तेव्हा सुमारे ७,८५,००० लोक राहत होते. मे महिन्यात रुग्णसंख्या थोडी वाढली, मग दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात ती इतकी घटली की साथ आटोपल्यासारखी वाटली. परंतु डिसेंबरच्या उष्ण, ओल्या हवेत ती उसळली आणि २००६ च्या फेब्रुवारीत एकेका आठवड्यात ४०,००० हून अधिक नवे रुग्ण आढळू लागले. साथ संपेपर्यंत अंदाजे २,६६,००० माणसे आजारी पडली होती, म्हणजे दर तीन रहिवाशांमागे एकाहून अधिक.

हिवाळ्यातल्या त्या शांततेच्या काळात विषाणूतच एक बदल होत होता. त्याच्या बाह्य आवरणातील एका प्रथिनाच्या २२६ व्या स्थानावर ॲलनिन हे अमिनो आम्ल होते, त्या जागी व्हॅलिन आले. प्रथिनाच्या लांब साखळीतला एकच दुवा बदलला, पण त्यामुळे एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या आतड्यात शिरण्याची विषाणूची क्षमता कित्येक पटींनी वाढली आणि दोन-तीन दिवसांतच तो लाळेत उतरू लागला. रीयुनियनवर नेमका हाच डास मुबलक होता. शहरी साथींचा नेहमीचा वाहक एडिस इजिप्ती तिथे फार विरळ उरला होता, कारण १९५० च्या सुमारास हिवतापाच्या निर्मूलनासाठी डीडीटीची मोठी फवारणी झाली तेव्हा घराच्या आत विसावणारा तो डास बहुतांशी नाहीसा झाला आणि बागा-झुडपांत राहणाऱ्या अल्बोपिक्टसला मोकळे रान मिळाले. एका रोगाविरुद्ध यशस्वी झालेल्या मोहिमेने बेटावरच्या डासांची मांडणी अशी बदलली, आणि अर्ध्या शतकानंतर आलेल्या विषाणूने त्या बदललेल्या मांडणीशी जुळवून घेतले.

रीयुनियनच्या साथीतच आणखी एक गोष्ट प्रथम स्पष्ट झाली, ती म्हणजे बाळंतपणाच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू असेल तर सुमारे निम्म्या प्रसंगी तो बाळाला लागतो. जन्मतः निरोगी दिसणारी ही बाळे तीन ते सात दिवसांत आजारी पडत, त्यांतील काहींच्या मेंदूला कायमची इजा झाली, आणि शस्त्रक्रियेने प्रसूती केल्यानेही त्यांचे रक्षण झाले नाही. चिकुनगुन्या हा सांधे धरणारा, पण जिवावर न बेतणारा आजार आहे अशी जी समजूत पाठ्यपुस्तकांत होती ती या बेटावर मोडली.

भारतात चिकुनगुन्या नवा नव्हता. १९६३ मध्ये कोलकात्यात आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ येऊन गेली होती, आणि नंतर तीन दशके तो जवळजवळ विस्मरणात गेला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदवले गेले. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही सर्वाधिक त्रस्त राज्यांपैकी होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील अभ्यासातून असे दिसले की जुन्या साथींतला विषाणू आशियाई कुळातला होता, नवा मात्र पूर्व आणि मध्य आफ्रिकेतील कुळातला, म्हणजे हिंदी महासागरातील बेटांवर पसरलेल्या विषाणूचाच सगोत्र. विशेष म्हणजे २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या डासांतही याच आफ्रिकी कुळाचा विषाणू सापडला होता, म्हणजे साथ भडकण्याच्या पाच वर्षे आधी तो महाराष्ट्रात येऊन पोहोचला होता. २००७ मध्ये अल्बोपिक्टसचे प्राबल्य असलेल्या केरळमध्ये रीयुनियनवरचा तोच २२६ व्या स्थानाचा बदल आढळला. तो बदल रीयुनियनहून आलेला नव्हता, तर त्याच प्रकारचा डास समोर आल्यावर विषाणूने तीच वाट स्वतंत्रपणे पुन्हा शोधली होती. त्याच सुमारास लक्षद्वीपमध्येही चिकुनगुन्या पसरला; माडांच्या त्या बेटांवर पाणी धरून ठेवणाऱ्या नारळाच्या करवंट्या आणि उंदरांनी पोखरलेले नारळ ही डासांची वाढस्थाने ठरली.

बेटे साथीचे संपूर्ण चित्र दाखवतात हे खरे असले, तरी एका बाबतीत त्यांचे लहानपण आडवे येते, आणि झिकाच्या इतिहासात त्याची किंमत फार मोठी ठरली. यापवर झिकामुळे कोणी दगावले नाही, कोणाला रुग्णालयात ठेवावे लागले नाही, आणि त्यामुळे हा निरुपद्रवी विषाणू आहे असे मत बनले. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये तो फ्रेंच पॉलिनेशियात पोहोचला, जिथली लोकसंख्या सुमारे २,७०,००० म्हणजे यापच्या जवळजवळ चाळीसपट होती. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात गियाँ-बारे या विकाराचे ४२ रुग्ण आढळले. या विकारात शरीराची प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा श्वसनाच्या स्नायूंपर्यंत चढू शकतो. ४२ पैकी १२ रुग्णांना कृत्रिम श्वसनाची गरज पडली. त्याआधीच्या वर्षांत सर्व बेटांवर मिळून वर्षाला १० च्या वर असे रुग्ण दिसत नसत, म्हणून हा बदल चटकन नजरेत भरला.

गर्भावरील परिणाम मात्र नजरेतून सुटला. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये अतिशय लहान डोक्याची बाळे मोठ्या संख्येने जन्माला येऊ लागली आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, त्यानंतर पॉलिनेशियातील जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या गेल्या, तेव्हा अशी ८ प्रकरणे सापडली आणि त्यांतील ७ साथीनंतरच्या चार महिन्यांत एकवटलेली होती. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत लागण झाल्यास हा धोका साधारण शंभरात एक असतो, असे त्या नोंदींवरून काढण्यात आले. शंभरात एक हे प्रमाण आईबापांच्या दृष्टीने भयंकर आहे, पण वर्षाला सुमारे ४,००० जन्म होणाऱ्या बेटसमूहात ते चार-दोन वेगवेगळ्या दवाखान्यांतील सुटी सुटी दुःखे बनून राहते, आणि यापसारख्या ठिकाणी तर एखादेही बाळ तसे जन्माला न येता साथ सरू शकते. बेटांवर एवढेच आढळले म्हणून धोका एवढाच, हा तर्क त्यामुळे कधीच करता येत नाही. पॉलिनेशियाच्या नोंदी दोन वर्षे आधी याच नजरेने वाचल्या गेल्या असत्या, तर ब्राझीलमधील गरोदर स्त्रियांना वेळीच सावध करता आले असते, ही या सबंध प्रकरणातील सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट आहे.

प्रतिबंधाचे उपायही बेटांवर निराळ्या अडचणींत सापडतात. प्रवाळांच्या सपाट बेटांवर नद्या नसतात, जमिनीखालच्या गोड्या पाण्याचा थर पातळ असतो आणि पिण्याचे पाणी छपरावरून पन्हळींतून टाक्यांत उतरवलेले पावसाचे पाणी असते. अशा ठिकाणी साठे रिकामे करा हा सल्ला देणे म्हणजे प्यायचे पाणी ओता असे सांगणे होय. तिथे टाक्यांना घट्ट झाकणे आणि बारीक जाळ्या पुरवणे हेच खरे काम आहे आणि त्याला पैसा लागतो. मार्शल बेटांवर २०१९ मध्ये डेंग्यूचा तिसरा प्रकार पसरला, तेव्हा सरकारने आणीबाणी जाहीर करून दाट वस्तीच्या बेटांवरून दूरच्या लहान बेटांकडे होणारा प्रवास थांबवला, कारण तिथे रुग्णालय नव्हते आणि गंभीर रुग्णाला बोटीने वा विमानाने आणणे हवामानाच्या मर्जीवर अवलंबून होते. कठोर असला तरी हा निर्णय समुद्राच्या वेशीचा योग्य उपयोग करणारा होता.

अलीकडे वोल्बाकिया या जिवाणूचा आधार घेतला जातो. अनेक कीटकांच्या पेशींत नैसर्गिकपणे राहणारा हा जिवाणू एडिस इजिप्तीमध्ये घातला की त्या डासाच्या शरीरात विषाणूची वाढ खुंटते, आणि असे डास सोडल्यावर तो पिढ्यान् पिढ्या आपोआप पसरत जातो. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरातील चाचणीत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटले. फिजी, वानुआटू आणि किरिबाती येथेही असे डास सोडण्यात आले आहेत. मात्र हा उपाय सध्या मुख्यतः एडिस इजिप्तीपुरता आहे, आणि जिथे हेन्सिली किंवा पॉलिनेशियन्सिस यांसारखे स्थानिक डास विषाणू वाहून नेतात तिथे त्यांच्यासाठी वेगळे संशोधन करावे लागते. थोड्या लोकवस्तीच्या बेटावरच्या डासासाठी असे संशोधन करायला फारसे कोणी पुढे येत नाही.

रीयुनियनवर चिकुनगुन्या २०२४ च्या ऑगस्टमध्ये परत आला. मधल्या १८ वर्षांत जन्मलेल्या सर्व मुलांना आणि २००६ मध्ये बचावलेल्या बहुसंख्य प्रौढांना त्याच्याविरुद्ध कोणतेही संरक्षण नव्हते. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये साथ शिखराला पोहोचली आणि खात्रीच्या रुग्णांची संख्या ५०,००० च्या वर गेली. या वेळी लस उपलब्ध होती, आणि सहव्याधी असलेल्या ६५ वर्षांवरील लोकांना ती आधी देण्यास सुरुवात झाली, कारण या आजाराने दगावणाऱ्यांत त्यांचेच प्रमाण अधिक असते. दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूपासून बनवलेल्या या लशीनंतर काही वृद्धांमध्ये गंभीर दुष्परिणाम दिसले, त्यामुळे एप्रिलच्या अखेरीस फ्रान्सच्या आरोग्य यंत्रणेने त्याच वयोगटासाठी ती थांबवली. परिणामी ज्या वृद्धांना संरक्षणाची गरज सर्वाधिक होती त्यांच्यासाठी त्या हंगामात उरले ते जुनेच उपाय: अंगणातील कुंड्यांखालच्या थाळ्या कोरड्या ठेवणे, दिवसाही मच्छरदाणी वापरणे आणि अंगभर कपडे घालणे.